महिन्याचा पगार आणि बुधवारचा बाजार

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गृहिणीचा आहे. घरात सहा माणसे: त्या स्वतः, यजमान, सासू-सासरे आणि शाळेत जाणारी दोन मुले. जेवणखाणासाठी महिन्याला १६,००० रुपये हाताशी असतात. त्यातले १४,५०० यजमान देतात आणि १,५०० गृह आधार या सरकारी योजनेचे येतात. या रकमेला चाराने भागून त्या आठवड्याला ४,००० धरतात. तरीही बावीस-तेवीस तारखेपासून ओढाताण सुरू होते, आणि चतुर्थीला दुकानात झालेली उधारी दिवाळी उलटली तरी फिटत नाही. रविवारी सासरे बाजारात जातात आणि चांगली मासळी घेऊन येतात; वडीलधाऱ्या माणसाला 'नको' म्हणवत नाही. 'मी उधळी नाही, मग पैसे जातात कुठे?' असे त्यांनी विचारले आहे.

बाय, तुम्ही उधळ्या नाहीत हे मी आधीच मान्य करते. फोंड्यात स्वयंसाहाय्य गटांचे हिशेब लिहिण्यात माझी चोवीस वर्षे गेली. कर्ज मागायला आलेल्या बाईला मी आधी घरखर्चाची वही आणायला सांगते, नसेल तर पुढच्या महिन्यापासून लिहायला लावते. या वह्यांत उधळपट्टी क्वचितच सापडते. बहुतेक ठिकाणी रकमेचा भागाकार चुकलेला असतो, आणि तुमचाही तिथेच चुकला आहे.

महिन्यात चार आठवडे नसतात. वर्षात ५२ आठवडे असतात आणि महिने १२. तुम्ही आठवड्याला ४,००० खर्च केले तर वर्षाचे २,०८,००० होतात. तुमच्या हाती येतात १,९२,०००. म्हणजे वर्षाला बरोबर १६,००० रुपयांची तूट, एका पूर्ण महिन्याच्या जेवणाएवढी, आणि यात चतुर्थी, दिवाळी, पाहुणेरावळे अजून धरलेच नाहीत. ही तूट कुणी खाल्लेली नाही. ती भागाकारातच होती, आणि दर महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत थोडी थोडी दिसत होती.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या गोव्याच्या स्वयंपाकघरात सगळी खरेदी आठवड्याच्या मापाने होत नाही. पाव, दूध आणि मासळी रोजची. भाजी आठवड्याच्या बाजाराची. तेल-डाळ-साखर महिन्याची. आणि तांदूळ, सुक्या मिरच्या, सोले (आमसुले), चिंच, सुके मासे, कांद्याच्या माळी हे सगळे वर्षाचे. आपल्या सासवा मे महिन्यात जे पुरुमेंत करत आल्या ते याच हिशेबाने. पावसाचे चार महिने काही मिळणार नाही म्हणून मृग लागायच्या आधी घर भरून ठेवायचे. आता पावसातही सगळे मिळते, त्यामुळे पुरुमेंत कमी झाले. तरी वर्षाच्या वस्तूंचा पैसा वर्षभर जमवावा लागतो, ही गोष्ट काही बदललेली नाही. तो तुम्ही जमवत नाही, म्हणून मे महिन्यात आणि चतुर्थीत तो आठवड्याच्या पैशांतून उपसला जातो.

म्हणून माझी मांडणी अशी. १६,००० हाती आले की त्यातले ३,००० त्याच दिवशी बाजूला काढायचे. गृह आधारचे १,५०० तुमच्या स्वतःच्या खात्यात येतात, त्यांना हात लावायचा नाही. घरखर्चात मिसळले की ते दिसेनासे होतात. वर्षाला त्यांचे १८,००० होतात. यजमान देतात त्यातले आणखी १,५०० त्याच खात्यात टाका. एकूण ३६,००० झाले. यातले २४,००० बेगमीचे आणि १२,००० सणांचे. सासऱ्यांच्या शेतातले भात निम्मे वर्ष पुरते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून बेगमीला २४,००० पुरतील असे मला वाटते. शेत नसते तर मी हा आकडा मोठा धरला असता.

उरले महिन्याला १३,०००. तीन महिन्यांत १३ आठवडे असतात, तेव्हा तीन महिन्यांचे ३९,००० भागिले १३, आठवड्याला ३,००० येतात. हा तुमचा आठवडा. ४,००० वरून ३,००० वर आल्यासारखे वाटेल, पण तांदूळ, मिरची, सण हे या ३,००० मधून आधीच वगळले आहेत हे लक्षात घ्या.

आठवडा सोमवारी सुरू करू नका. तुम्ही डिचोलीच्या, तुमचा बाजार बुधवारचा. तुमचा आठवडा बुधवारी सुरू व्हायला हवा. म्हापशाच्या बाईने शुक्रवार धरावा, साखळीच्या बाईने सोमवार. पैसे हातात पूर्ण असतात त्या दिवशी ताज्या भाजीचा बाजार भरलेला असावा. मी पाहिलेल्या अनेक वह्यांत आठवडा रविवारी सुरू होतो, त्या दिवशी मोठ्या दुकानात फेरी होते, भाजीही तिथेच घेतली जाते, आणि बुधवारी बाजार भरतो तेव्हा पाकिटात पाचशेसुद्धा नसतात. मग स्वस्त आणि ताजी भाजी डोळ्यांपुढून जाते.

बुधवार धरला की आणखी एक गोष्ट आपोआप सुटते. ज्या महिन्यात चार बुधवार येतात तेव्हा १२,००० लागतील आणि १,००० उरतील. पाच बुधवारांच्या महिन्यात १५,००० लागतील, म्हणजे २,००० कमी पडतील. साधारणपणे वर्षात आठ महिने चार बुधवारांचे आणि चार महिने पाच बुधवारांचे असतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी ८,००० होऊन हिशेब जुळतो. अट एकच, चार बुधवारांच्या महिन्यात उरलेल्या हजाराला 'उरले' म्हणायचे नाही. कॅलेंडरवर आत्ताच पाच बुधवारांचे महिने लाल पेनाने खुणावून ठेवा.

आता ३,००० च्या आत काय काय बसते ते पाहू. मी धरलेले भाव ढोबळ आहेत, तुमच्याकडचे तुम्ही घाला. दूध रोज दीड लिटर, लिटरला ६० धरले तर आठवड्याला ६३०. पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, पाव, पोळी, उंडे (हे सगळे पावाचेच प्रकार) मिळून रोजचे ४०, म्हणजे २८०. हे दोन खर्च आधी लिहा, कारण ते दारात होतात आणि म्हणून मोजले जात नाहीत. पोदेराचा भोंपू वाजला की मूल धावत जाते, चार ऐवजी सहा उंडे येतात, आणि काकणांचे (बांगडीच्या आकाराच्या पावाचे) दहा रुपये वर. संध्याकाळी पुन्हा तो येतो. पाव कमी खा असे मी म्हणणार नाही, आपल्या घरातला तो मोठा आधार आहे. फक्त ४० रुपये सकाळीच एका वाटीत काढून ठेवा, आणि मुलांना त्या वाटीतूनच घेऊ द्या.

नारळाकडे मात्र मला नीट थांबायचे आहे, कारण इतर प्रांतांतल्या घरखर्चाच्या नमुन्यांत तो सहसा नसतो आणि आपल्याकडे तोच सगळ्यांत मोठा लपलेला खर्च आहे. तुमच्याकडे रोज एक नारळ फुटतो. ४५ रुपयांचा नारळ धरला तर आठवड्याला ३१५, वर्षाला १६,३८०. पुन्हा वाचा: एका महिन्याच्या सगळ्या जेवणाहून जास्त पैसे नारळाला जातात. पूर्वी परसातल्या माडाचा नारळ होता, त्याचा हिशेब कुणी ठेवत नसे. आता भाव वाढले, सवय मात्र परसातल्या नारळाचीच राहिली.

नारळाशिवाय आपले जेवण होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो कुठे लागतोच आणि कुठे हाताच्या सवयीने पडतो, हे वेगळे करता येते. हुमणाला (मासळीच्या आमटीला) नारळ लागतोच. तोंडाकाला (कडधान्याच्या रशाला), उसळीच्या रसाला लागतो. तांबड्या भाजीवर मूठभर खोबरे पुरते, आपण वाटीभर टाकतो. तिखट आमटीला, डाळीच्या वरणाला, तिरफळ घातलेल्या सुक्याला काही वेळा नुसती फोडणी आणि सोले चालतात. फुटी कढी म्हणजे नारळाच्या रसाशिवाय केलेली सोलांची कढी, ती उन्हाळ्यात तितकीच गोड लागते. आठवड्याला सातऐवजी पाच नारळ केले तर २२५ मध्ये भागते. मी स्वतः हा बदल सोमवारी आणि गुरुवारी केला, कारण त्या दिवशी आमच्याकडे मासळी नसते आणि हुमणाचा प्रश्न येत नाही. एक नारळ फोडला की दोन्ही वाट्या एकदम खोवून, अर्धे खोबरे डब्यात भरून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दुसरी वाटी उघडी राहून बुळबुळीत झाली की ती टाकली जाते, हे मी किती घरांत पाहिले!

शक्य असेल तर नारळ शेकड्याने घ्या, शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून. सोडणासकट घेतलेले नारळ जास्त टिकतात. सोलायची मेहनत आहे, पण तुमचे सासरे ते काम आनंदाने करतील असे तुमच्या पत्रावरून वाटते.

मासळी. आठवड्याला ९०० धरा. सोमवार आणि गुरुवार वगळले तर पाच दिवस उरतात, त्यांतला एक दिवस सुक्या मासळीचा किंवा अंड्यांचा करा. राहिले चार दिवस, दिवसाला २२५. मासळीच्या बाबतीत माझा नियम पक्का आहे: रक्कम घरातून ठरवून जायची, मासळी बाजारात ठरवायची. 'आज इसवण (सुरमई)' असे ठरवून बाहेर पडलात तर मासळीवाली सांगेल तो भाव. '२२५ रुपये आणि सहा माणसे' असे ठरवून गेलात तर बांगडे स्वस्त असतील तर बांगडे, तारले भरपूर आले असतील तर तारले, नाहीतर तिसऱ्या, नाहीतर वेर्ल्या. बाजार उठायच्या वेळी वाटे मोठे होतात हेही खरे, पण उन्हात बसलेली मासळी ओळखता आली पाहिजे: डोळा खोल गेलेला, कल्ले काळपटलेले असतील तर तो वाटा कितीही मोठा असो, घेऊ नका.

किलोच्या भावाने मासळीची तुलना करू नका, ताटाच्या भावाने करा. समजा सुंगटे (कोळंबी) ४०० रुपये किलो आहेत आणि बांगडे २००. सुंगटे सोलून, डोकी काढून निम्मी उरतात, म्हणजे खरा भाव ८००. बांगडा साफ केल्यावर साधारण दोनतृतीयांश उरतो, म्हणजे ३००. पण गोष्ट इथे संपत नाही. तळलेली तुकडी माणशी मोजावी लागते, हुमण माणशी मोजावे लागत नाही. पाव किलो सुंगटे भेंड्यांबरोबर हुमणात घातली तर सहा माणसे पोटभर जेवतात, १०० रुपयांत. तेच इसवण तळायचे तर प्रत्येकाला एक तुकडी हवी, मुलांना दोन. महाग मासळी रशात आणि स्वस्त मासळी तव्यावर, एवढे पाळले तरी महिन्याचे चित्र पालटते.

आता तुमच्या सासऱ्यांविषयी. त्यांना 'नको' म्हणू नका, मुळीच म्हणू नका. बुधवारी त्या ९०० रुपयांची पुरचुंडी त्यांच्या हातात द्या आणि सांगा, 'बाबा, या आठवड्याची मासळी तुम्ही बघा.' मी ही सूचना बऱ्याच घरांत केली आहे. जो माणूस फक्त रविवारी बाजारात जातो, त्याला रविवारचा भाव दिसतो. ज्याच्या हातात आठवडा आहे, त्याला मंगळवार पण दिसतो. एखाद्या रविवारी ते ५०० ची इसवण आणतील आणि उरलेले तीन दिवस ४०० मध्ये भागवतील, तारले आणतील, तिसऱ्या आणतील. भागवतीलच, कारण मासळीची पारख त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आहे. फक्त पैसे संपले तर मधे भर घालू नका. त्या दिवशी अळसांद्यांचे (चवळीचे) तोंडाक करा, कुणाला उणे वाटणार नाही.

वर्षाचे सगळे आठवडे मासळीच्या दृष्टीने सारखे नसतात, हे मात्र ध्यानात ठेवा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मिळेल ती मासळी खाडीतली, नदीतली किंवा बाहेरून बर्फात आलेली, आणि भाव चढे. तेव्हा ९०० मध्ये चार दिवस बसणार नाहीत, दोनच बसतील. म्हणूनच मे महिन्यात बेगमीच्या पैशांतून सुके बांगडे, गालमो (बारीक सुकी कोळंबी), सुकी सुंगटे घेऊन ठेवायची. पावसात गरम उकड्या तांदळाची पेज आणि किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) असली की ताज्या मासळीची आठवण कुणी काढत नाही. घेतल्यावर आपल्या अंगणात आणखी दोन उन्हे देऊन मगच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बाजारातली सुकी मासळी बऱ्याचदा पुरती सुकलेली नसते.

मग येतो श्रावण. श्रावण पाळणाऱ्या घरांत साधारण चार आठवडे मासळी नाही. ९०० प्रमाणे ३,६०० वाचतात, त्यांतले १,२०० जास्तीची भाजी आणि कडधान्यांना गेले तरी २,४०० उरतात. हे पैसे कुठे जातात असे विचारले की बायका गप्प होतात. ते आठवड्यात विरघळतात. श्रावणाच्या पहिल्याच बुधवारी ९०० ऐवजी ३०० ठेवा आणि ६०० सणाच्या पुरचुंडीत टाका, चारही आठवडे. चतुर्थीच्या माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मंडपीचा) बाजार महाग असतो, एकेक वस्तू वीस-तीस रुपयांनी घेताना हजार कधी उडाला कळत नाही. त्या २,४०० चा तिथे केवढा आधार होतो! आणि माटोळीचे जे रानात, कुळागरात (पोफळीच्या बागेत), शेजाऱ्याच्या परसात मिळते ते मुलांना घेऊन गोळा करा. पैशांसाठी म्हणून तर कराच, पण मुलांना त्या फळा-पानांची नावे कळतील, मला ते पैशांहून मोठे वाटते.

भाजीला आणि फळांना ४५०. आपल्याकडची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. घाटात दरड आली किंवा तिकडे पाऊस लांबला की इथे दोन दिवसांत भाव चढतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले ते तुम्हाला आठवत असेल. त्या वेळी माझ्या गटातल्या एका बाईने महिनाभर टोमॅटो आणलाच नाही. आंबटाला सोले, चिंच आणि बिमले वापरली. आपल्या जेवणाला टोमॅटोची गरज तशी कमीच आहे. घाटावरच्या भाजीत कांदा, बटाटा, कोबी, गाजर असे टिकाऊ घ्या आणि पालेभाजी नेहमी गावची घ्या, दोन दिवसांपुरती. सरकारी फलोत्पादन महामंडळाचा गाडा तुमच्या वाटेवर असेल तर आधी तिथे डोकावा, सवलतीचा भाव असतो. मग बाजारात गावठी भाजी घेऊन बसलेल्या बायकांकडे जा. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये असे माझे मत आहे. त्यांची तांबडी भाजी आदल्या संध्याकाळी उपटलेली असते, तुमच्या घरी तिचे एक पानही वाया जात नाही, आणि तिथेच ते दोन रुपये भरून निघतात.

ऋतूप्रमाणे खाल्ले की भाजीचे पैसे पुरतात, हे सगळेच सांगतात. आपल्याकडे त्याचा नेमका अर्थ असा: हिवाळ्यात वायंगणातली (हिवाळी पिकातली) तांबडी भाजी, मुळा, वालाच्या शेंगा, नवलकोल. एप्रिल-मेमध्ये कोवळ्या फणसाची भाजी, आणि पिकल्या फणसाच्या बिया जपून ठेवणे. पहिल्या पावसानंतर तायकिळा आणि तेरे या रानभाज्या, ज्या विकत घ्यायचीही गरज नसते. तायकिळ्यात त्या जपलेल्या फणसाच्या बिया पडल्या की एक जेवण जवळजवळ फुकटात होते. चतुर्थीच्या आगेमागे डोंगरावरची भेंडी, दोडकी, तवशी (काकड्या). अळमी (रानातली अळंबी) आली की मन होतेच, पण तिचा भाव भाजीचा नसतो. ती सणाच्या पैशांतून, वर्षात एकदा.

दूध ६३०, पाव २८०, मासळी ९००, भाजी ४५०, नारळ २२५. झाले २,४८५. राहिलेले ५१५ किराण्याचे. किराणा मात्र आठवड्याला आणू नका. ५१५ दर बुधवारी एका पाकिटात टाका आणि चार बुधवारांनी एकदा, यादी घेऊन, २,०६० चा आणा. प्रत्येक फेरीला यादीबाहेरच्या दोन वस्तू येतातच, तेव्हा फेऱ्या कमी हाच उपाय. यादीत साबण, भांड्यांची पावडर, फरशी पुसायचे औषध घालू नका. तो जेवणाचा खर्च नाही, त्याला यजमानांशी बोलून वेगळी रक्कम ठरवा. तुम्ही पाठवलेल्या बिलात जवळजवळ चौथा हिस्सा या वस्तूंचा होता.

दुकानात दोन गोष्टी पाहा. तेलाच्या पिशवीवर लिटर लिहिले आहे की ग्रॅम. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम असते. ८५० किंवा ८०० ग्रॅमची पिशवी शेजारी ठेवली तर दिसायला तेवढीच दिसते, भाव पाच-दहा रुपयांनी कमी असतो, आणि आपण ती स्वस्त समजून उचलतो. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति लिटर किंमत छापलेली असते, ती वाचायची सवय लावा. दुसरी गोष्ट डाळ-तांदळाची. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पाकिटातल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. विश्वासातला दुकानदार असेल तर सुटी डाळ घ्यावी, खडे-किडे पाहून. शिधापत्रिकेवर जे मिळते तेही सोडू नका. प्राधान्य गटाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे. तुमचे कार्ड कोणत्या गटातले आहे ते एकदा पाहून घ्या. त्या तांदळाचा भात तुमच्याकडे आवडत नसेल तर आंबोळ्यांना आणि घावनांना तो उत्तम.

बेगमीविषयी एक अनुभव सांगते, कारण तो मला महाग पडला. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी जूनच्या मध्यावर एका दुकानात तांदूळ स्वस्त मिळतो म्हणून मी ५० किलोची दोन पोती आणली आणि मागच्या खोलीत भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली. चतुर्थीच्या आधी पोते उघडले तर तळाचा थर ओला, वर पोरकिड्यांची रांग. पंधरा-वीस किलो तांदूळ कोंबड्यांना घातला, उरलेला निवडता निवडता डोळे दुखले. माझ्या सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढच्या मे महिन्यात त्यांनी मला हाताशी घेऊन दाखवले: तांदूळ कडक उन्हाच्या दिवसांतच घ्यायचा, फळीवर ठेवायचा, भिंतीपासून वीतभर दूर, आणि पत्र्याच्या डब्यात सुक्या मिरच्या टाकून झाकायचा. मिरच्या उन्हात वाजेपर्यंत सुकवायच्या, देठासकट. सोले मीठ लावून. चिंच बिया काढून, मीठ लावून, गोळे करून. तुमच्या घरात सासूबाई आहेत, हे सगळे त्यांच्या हातात आहे. बेगमीचे २४,००० कुठे कसे घालायचे ते त्यांना ठरवू द्या, तुम्ही लिहून घ्या. आणि जून ते सप्टेंबर रवा, बेसन, पोहे महिन्याहून जास्त भरू नका, दमट हवेत ते धरत नाहीत, मग सवलत कितीही असो.

पैसे हातात कसे ठेवायचे? मासळी, भाजी आणि पाव यांचे रोख ठेवा. फोनवरून दिलेले वीस-तीस रुपये संध्याकाळी आठवत नाहीत. किराणा आणि दूध फोनवरून दिले तरी चालेल, त्यांची नोंद राहते.

सुरुवात करताना पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका, फक्त लिहा. दर रात्री पाच ओळी, वस्तू आणि रक्कम, कारणे नकोत. सासऱ्यांनी आणलेली मासळी, मुलांची बिस्किटे, यजमानांनी ऑफिसातून येताना आणलेले भजे-पाव, सगळे. या दोन आठवड्यांत माझे आकडे तुमच्या घराला कुठे लागू पडत नाहीत ते दिसेल. दूध जास्त लागत असेल तर दूध वाढवा आणि दुसरीकडे तेवढेच कमी करा. बेरीज ३,००० राहिली पाहिजे, आतली वाटणी तुमची.

चालू उधारीचे काय, हे तुम्ही विचारले नाही पण ते मनात असेलच. दुकानदाराला सरळ सांगा की दर बुधवारी १०० रुपये देईन आणि नवीन उधार घेणार नाही. ते १०० मासळीतून काढू नका, घरात कुरबूर होते. नारळाचे दोन कमी केल्यावर वाचलेले ९० किराण्याच्या ५१५ मध्येच आले आहेत, त्यांत दहा घालून तिथूनच द्या. तुमची ४,८०० ची उधारी ४८ आठवड्यांत फिटेल. तोपर्यंत आठवड्याच्या हिशेबात नारळाचे २२५ च्या पुढे उधारीचे १०० असा वेगळा आकडा लिहा आणि किराण्याचे ५१५ तेवढ्या काळापुरते ४१५ धरा. बेगमीच्या पैशांतून साखर आणि तूरडाळ मे महिन्यात थोडी जास्त घेतली की ते जमते.

तेरा आठवडे झाले की वही घेऊन बसा, आणि सासूबाईंना व यजमानांनाही बसवा. दोनच ठिकाणी बोट ठेवा: बेगमी आणि सणांच्या खात्यात ९,००० जमले आहेत का, आणि उधारीतून १,३०० कमी झाले का. दोन्ही असतील तर बाकीच्या रकान्यांत पाच-पन्नास इकडेतिकडे झाले तरी त्यावरून कुणाशी वाद घालू नका. नसतील तर मला त्या तेरा आठवड्यांची पाने पाठवा, रोजच्या नोंदींसकट, मी ओळीन् ओळ पाहीन.